व्हरांड्यातला चार मीटरचा जगाचा नकाशा: कामाच्या नोंदी

जागा: रत्नागिरी जिल्ह्यातली एक शाळा. चिऱ्याची भिंत, वरून सिमेंटचा गिलावा, समोर २.२ मीटर रुंदीचा व्हरांडा. मोकळी भिंत ४.३ मीटर लांब.
नकाशा: समुद्रप्रवाह आणि हवामान दाखवणारा, ४०० × १५५ सेमी. एक अंश म्हणजे एक सेंटिमीटर, आडवाही आणि उभाही. विषुववृत्तावर १ सेमी म्हणजे १११ किमी.
हे काम दुसरीकडे कोणी करणार असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून फसलेल्या गोष्टी जास्त लिहिल्या आहेत.

९ नोव्हेंबर २०२४

आजचा दिवस नकाशा कुठे कापायचा यातच गेला. ग्रिनिच मध्यावर धरलं की पॅसिफिक दोन तुकड्यांत जातो. कुरोशिओ (जपानजवळचा प्रवाह) उजव्या कडेला, कॅलिफोर्निया प्रवाह डाव्या कडेला, आणि दोन्ही महासागरात गोल फिरणाऱ्या पाण्याच्या एकाच चक्राचे भाग आहेत हे मुलांच्या लक्षात येत नाही. १५०° पूर्व मध्यावर धरलं तर ३०° पश्चिमेला कापावं लागतं, मग गल्फ स्ट्रीमचे दोन तुकडे.

शेवटी ८०° पूर्व मध्यावर घेतलं, म्हणजे डावी कड १००° पश्चिम. कापणारी रेघ उत्तरेत मेक्सिको, अमेरिका, कॅनडा अशी जमिनीवरून जाते. दक्षिणेत मात्र पॅसिफिकमधूनच जाते आणि पेरूचा हंबोल्ट प्रवाह बाकीच्या पॅसिफिकपासून तुटून डाव्या कडेला जातो. त्यावर उपाय म्हणून उजवीकडे ४० अंश पुन्हा काढायचे ठरलं: १००° ते ६०° पश्चिम हा पट्टा नकाशात दोनदा येणार. लांबी ३६० ची ४०० सेमी झाली, पण पॅसिफिक सलग मिळाला. भिंत ३६० पेक्षा लांब असेल तर ही सोय सोडू नका.

उभं माप ८५° उत्तर ते ७०° दक्षिण. ग्रीनलंडचं टोक ८३ अंशांच्या वर जातं, म्हणून ८० ला कापणं बरोबर नाही.

जागा काढायचे हिशेब भिंतीशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवले:
पूर्व रेखांश: डाव्या कडेपासून रेखांश + १००.
पश्चिम रेखांश: १०० वजा रेखांश. उजव्या बाजूसाठी ४६० वजा रेखांश.
उत्तर अक्षांश: वरच्या कडेपासून ८५ वजा अक्षांश. दक्षिण: ८५ + अक्षांश.
रत्नागिरी (१७° उ., ७३.३° पू.) म्हणजे डावीकडून १७३.३, वरून ६८.

१० नोव्हेंबर

भिंत खरवडली. ओल आहे का ते पाहायला प्लास्टिकचे तीन तुकडे चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर चिकटवले होते. वरचे दोन कोरडे निघाले. जमिनीपासून फूटभर वर लावलेल्या तुकड्याच्या आतल्या बाजूला बारीक थेंब होते. महिनाभर थांबायला हवं होतं. थांबलो नाही. दुपारी पुट्टीचा पहिला हात मारला.

नकाशाची खालची कड जमिनीपासून ५५ सेमीवर ठेवली. त्यामुळे विषुववृत्त १२५ सेमीवर येतं, पाचवीच्या मुलाच्या नजरेच्या आसपास.

पुट्टी २० किलो ₹८२०, त्यातली निम्मी उरली. प्रायमर १ लिटर ₹२३०.

१६ नोव्हेंबर

एक दिवस पाण्यात. खालची आडवी रेघ जमिनीपासून ५५ सेमी मोजून मारली, वर पहिली दहा अक्षवृत्तं आखली आणि मग ओळंबा सोडला तर एकही रेखावृत्त काटकोनात बसेना. व्हरांड्याच्या फरशीला पाणी जायला ढाळ आहे: चार मीटरमध्ये ३.२ सेमी. नकाशावर हे तीन अंशांहून जास्त. एका टोकाला अक्षांश बरोबर, दुसऱ्या टोकाला तीच फूटपट्टी लावली तर तीन अंश सरकलेला.

पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना पातळी घेतली, तिथून दोरी मारली. फरशी, छज्जा, खिडकीची चौकट, कशावरूनही माप घेऊ नका. दोरीला नीळ लावली नाही, पांढऱ्या रंगातून ती वर येते. २एच पेन्सिलीने हलक्या रेघा, दर १० सेमीला. ४० उभे पट्टे, साडेपंधरा आडवे.

कर्कवृत्त आणि मकरवृत्त विषुववृत्तापासून २३.४ सेमीवर, आर्क्टिक वृत्त ६६.६ वर. भारतीय प्रमाणवेळेची रेघ ८२.५° पू., म्हणजे डावीकडून १८२.५.

१७ आणि १८ नोव्हेंबर

दोन संध्याकाळी प्रोजेक्टरमागे गेल्या. चार मीटरचं चित्र पाडायला लागणारं अंतर या व्हरांड्यात नाही. तिरका ठेवला की चित्र एका बाजूला उंच होतं. मशीनमधली दुरुस्ती वापरूनही मध्य जुळवला की ऑस्ट्रेलिया आखलेल्या चौकोनांपासून ४ सेमी बाहेर. सोडून दिलं. रुंद सभागृहात जमेल, व्हरांड्यात नाही.

२३ नोव्हेंबर

किनारा छापून गिरवायचा. नॅचरल अर्थचा मोफत नकाशा-डेटा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला. हा डेटा तीन तपशिलांत मिळतो: १:११ कोटी, १:५ कोटी आणि १:१ कोटी. आपलं प्रमाण साधारण १:१.११ कोटी, म्हणून कागदावर तिसरा योग्य. पण ब्रशच्या रेघेची जाडीच १ मिमी, म्हणजे ११ किमी. नॉर्वेचे फियॉर्ड (समुद्राचे जमिनीत घुसलेले अरुंद फाटे) त्यात काळे डाग होतात. म्हणून मधला घेतला. कोकणातल्या खाड्या त्यात दिसत नाहीत. या प्रमाणावर त्या दिसणारही नाहीत.

ए३ कागदावर ४०° × २५° चा एक तुकडा बसतो. एकूण ७० तुकडे, त्यातले नुसत्या समुद्राचे आणि तळाच्या पट्टीतले काही वगळून ५२ छापायचे. पहिले १२ छापून आणले आणि भिंतीवर लावले तर चौकोनात बसेनात. झेरॉक्सवाल्याच्या मशीनवर 'फिट टू पेज' चालू होतं, ९७ टक्क्यांवर छापलं गेलं. ४० सेमीचे ३८.८ झाले. एका तुकड्यात १.२ सेमी, दहा तुकड्यांत १२. पहिला कागद हातात आला की दुकानातच फूटपट्टी लावा. प्रिंट ६४ × ₹१० = ₹६४०, त्यातले ₹१२० वाया.

२४ नोव्हेंबर

कार्बन पेपरने गिरवलं. पांढऱ्याचे दोन हात मारून पाहिले तरी जांभळट रेघ वर येत होती. उरलेल्या कागदांना मागून काव चोळली, ती ओल्या फडक्याने जाते. कार्बनवाला भाग (युरोपचा एक तुकडा) प्रायमर मारून पुन्हा.

३० नोव्हेंबर

भारताची सीमा. बाहेरचा डेटा आपल्या सीमेसाठी वापरायचा नाही. भारताची बाह्य सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच हवी, त्याच्याशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. शाळेची भिंत असली तरी तीच सीमा काढा. त्यांच्या संकेतस्थळावर नकाशे मोफत मिळतात. पण त्या नकाशात रेखावृत्तं वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात, आपल्याकडे ती सरळ समांतर आहेत. त्यामुळे तो मोठा करून तसाच चिकटवता येत नाही. सीमेवरचे ६० बिंदू अक्षांश-रेखांश वाचून घेतले आणि एकेक मांडले.

इथे चूक झाली. पुस्तकात ३७°६′ असं असतं. यादी करणाऱ्याने ३७.६ लिहिलं. ८°४′ चे ८.४ आणि ९७°२५′ चे ९७.२५. मिनिटं ६० असतात, शंभर नाहीत. ३७°६′ म्हणजे ३७.१. टोकं अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत सरकली, म्हणजे ५५ किमीपर्यंत. सीमा फाटक्या वहीसारखी दिसत होती म्हणूनच लक्षात आलं.

दुरुस्तीनंतरची तपासणी, सगळ्यांना पाठ असलेल्या आकड्यांवर: पश्चिम टोक १६८.१, पूर्व टोक १९७.४, उत्तर टोक वरून ४७.९, मुख्य भूमीचं दक्षिण टोक ७६.९, इंदिरा पॉइंट (६°४५′) ७८.२५. सगळं २ मिमीच्या आत.

७ डिसेंबर

समुद्राचा रंग. पांढऱ्या एक्स्टीरिअर इमल्शनमध्ये निळा स्टेनर. एकदम ६०० मिली केला, डावीकडून सुरुवात केली, २९० सेमीला संपला. दुसरा घाणा थेंब मोजून केला तरी छटा वेगळी आली. उभा जोड नेमका आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या (२८०) जवळ. "वाररेषेपलीकडे पाणी बदलतं का?" हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी आला, आणि विचारणाऱ्याची चूक नव्हती. दीड लिटर एकाच बादलीत कालवून सगळा समुद्र पुन्हा रंगवला.

छटा फिकीच ठेवा, वाळल्यावर जवळपास पांढरी वाटेल इतकी. प्रवाहांचे निळे बाण त्यावर उठून दिसायला हवेत. आमचा पहिला निळा गडद होता, बाण काढून पाहिला तर दोन मीटरवरून दिसेना.

इमल्शन ४ लिटर ₹१,४५०. स्टेनर ७ × ₹९० = ₹६३०. ब्रश, रोलर ₹५२०. मास्किंग टेप ६ रोल ₹२७०.

१४ डिसेंबर

सगळ्यात मोठी चूक या दिवसाची. प्रवाहांचे बाण अॅटलास समोर धरून, डोळ्यांच्या अंदाजाने खडूने काढले आणि लगेच रंगवायला घेतले. अॅटलासच्या पानावरची रेखावृत्तं वाकडी, आपली सरळ. गल्फ स्ट्रीमने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हॅटरास भूशिराजवळ किनारा सोडायला हवा होता, तो किनाऱ्याला चिकटून न्यूफाउंडलंडपर्यंत गेला. लॅब्राडोर प्रवाहाला जागाच राहिली नाही. हे दोन जिथे भेटतात तिथे ग्रँड बँक्सचं (न्यूफाउंडलंडजवळचा उथळ समुद्र) धुकं आणि मासळी, आणि भिंतीवर ते भेटतच नव्हते. कुरोशिओ जपानच्या भूमीवरून गेला.

रंगवलेले सात बाण खरवडून, पॉलिश पेपर मारून समुद्राचा रंग पुन्हा लावला. नशीब, त्या बादलीतला रंग उरला होता.

१५ डिसेंबर

आता एकही बाण अंदाजाने नाही. प्रत्येक प्रवाहाला तीन ते सहा बिंदू, बिंदूवर पेन्सिलीची फुली, मग लवचिक प्लास्टिक पट्टी वाकवून रेघ. वापरलेले काही बिंदू (दोन-दोन आकड्यांच्या जोड्या: आधी डावीकडून, मग वरून, सेमीमध्ये):

गल्फ स्ट्रीम आणि पुढचा उत्तर अटलांटिक प्रवाह: २०, ६० (फ्लोरिडाची सामुद्रधुनी), २५, ५० (हॅटरास), ५०, ४५, ७०, ३३, ९६, २४ (स्कॉटलंडच्या उत्तरेला), ११७, १५ (नॉर्वे).
लॅब्राडोर: ४२, २०, ४५, ३०, ५२, ३८.
कुरोशिओ: २२३, ६५, २३०, ५५, २४१, ५०, तिथून पूर्वेकडे २६०, ५०.
ओयाशिओ: २५८, ३५, २४६, ४३.
अगुल्हास: १३३.५, ११३, १२७, ११९, ११८, १२४, आणि मग मागे वळून १३०, १२५.
हंबोल्ट (उजव्या पट्ट्यात): ३८५, १२५, ३८८, १०५, ३७८, ९०.

अगुल्हासचं वळण बहुतेक तक्त्यांत नसतं. हा प्रवाह आफ्रिकेच्या दक्षिण टोकापुढे गेला की त्याचं बरंचसं पाणी गर्रकन वळून हिंदी महासागरातच परत येतं. जागा असेल तर जरूर काढा.

बाणाची रुंदी २.५ सेमी. खरा गल्फ स्ट्रीम साधारण १०० किमी रुंद, म्हणजे एक सेंटिमीटरही भरत नाही. नकाशाखाली तसं लिहून टाकलं, नाहीतर मुलं बाणाची रुंदी मोजतात.

२२ डिसेंबर

बाण रंगवण्याआधी खडूच्या बाणांवर एक तपासणी: उत्तर गोलार्धातली मोठी चक्रं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, दक्षिणेतली उलट. प्रत्येक महासागरावरून बोट फिरवत गेलं. दक्षिण हिंदी महासागरात पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा बाण उलटा निघाला, तो उत्तरेकडे हवा होता. पाच मिनिटांचं काम आहे, रंगाआधी करायचं.

उष्ण प्रवाह लाल, थंड प्रवाह गडद निळे, दोन्हींना २ मिमी पांढरी कड. कड मास्किंग टेपने सोडली. टेप रंग पूर्ण वाळायच्या आत, अर्धओला असतानाच ओढायचा. रात्रभर ठेवला तिथे बाणाचे पोपडे टेपबरोबर आले (ब्राझील प्रवाह, दोनदा).

लाल-निळ्याने एक घोळ होतो. आफ्रिकेच्या वायव्येचा कॅनरी प्रवाह 'थंड' आणि नॉर्वेजवळचा 'उष्ण', पण कॅनरीचं पाणी नॉर्वेजवळच्या पाण्यापेक्षा बरंच गरम असतं. उष्ण किंवा थंड हे त्याच अक्षांशावरच्या आजूबाजूच्या पाण्याच्या तुलनेत. खाली सूचीत हे एका ओळीत घातलं. दुसरा घोळ नावांचा: वारा जिकडून येतो ती त्याची दिशा, प्रवाह जिकडे जातो ती त्याची. नैऋत्य मोसमी वारा नैऋत्येकडून येतो, ईशान्येकडे जाणारा प्रवाह ईशान्येकडेच जातो. वर्गात हे आधी पक्कं झालं नाही तर पुढचं सगळं उलटं होतं.

४ जानेवारी २०२५

जमिनीवर हवामानाचे रंग. हवामानाचे प्रकार पाडण्याच्या कोपेनच्या पद्धतीतले सगळे उपप्रकार घ्यायचा बेत होता. दक्षिण अमेरिकेत ते करून पाहिलं, अँडीज पर्वतावर सहा रंग एकमेकांत कालवले गेले. सोडलं. पाचच मुख्य गट ठेवले: उष्ण दमट, कोरडा, समशीतोष्ण, थंड हिवाळ्याचा, ध्रुवीय. त्यात उंच पर्वत करड्या रंगात वेगळे.

देशांच्या सीमा आणि हवामानाचे रंग एकत्र चालत नाहीत. सीमा काढलेल्या भागाची गिचमिड झाली, म्हणून भारत सोडून बाकी सगळ्या पुसल्या. सीमांचा नकाशा वेगळा लावावा.

प्रमाणाची मर्यादा इथे कळते. कोकणपट्टी या नकाशावर अर्धा सेंटिमीटर. रत्नागिरी ते फलटण जेमतेम १.५ सेमी, आणि तेवढ्यात वर्षाचा पाऊस ३००० मिमीच्या वरून साधारण ५०० वर येतो, मध्ये महाबळेश्वर ५५०० च्या वर. जगाच्या नकाशात हे दाखवता येत नाही. शेजारच्या खांबावर ६० × ४० सेमीचा महाराष्ट्राचा वेगळा तुकडा घेतला, १ अंश = ६ सेमी.

११ जानेवारी

अक्षरं. दोन दिवस रंगारी, ₹१,८००. मजकूर टाइप करून, मोठ्या अक्षरात छापून द्या. तोंडी सांगितलेलं 'बेंग्वेला' (आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्याचा प्रवाह) भिंतीवर 'बंगवेला' झालं होतं.

वाररेषा जुन्या नकाशावरून काढली आणि पुसावी लागली. किरिबाटीने १९९५ पासून रेषा पूर्वेकडे नेली, ती आता साधारण १५०° पश्चिमेपर्यंत (नकाशात ३१०) बाहेर येते. सामोआनेही २०११ च्या अखेरीस बाजू बदलली, त्यांच्याकडे ३० डिसेंबर २०११ हा दिवस उजाडलाच नाही.

१८ जानेवारी

उत्तर हिंदी महासागर आजपर्यंत कोराच ठेवला होता. इथले प्रवाह मोसमी वाऱ्यांबरोबर उलटतात, म्हणून रंगाने कायमचा बाण काढला की तो सहा महिने खोटा. बहुतेक तक्त्यांत एकच बाण असतो, कधी कोणत्या ऋतूचा तेही लिहिलेलं नसतं. ज्या समुद्राच्या काठावर शाळा आहे त्याच समुद्राबद्दल नकाशा चुकावा हे पटेना.

काढता येणारे बाण तीन प्रकारे करून पाहिले.
पहिला, दुहेरी टेप: चार दिवसांत खाली.
दुसरा, चिकटणारा व्हेल्क्रो: बाण राहिला, पण काढताना भिंतीचा रंग घेऊन आला. दोन्ही मिळून ₹१९० वाया.
तिसरा, स्क्रू: ६ मिमीच्या बिटने भोक, प्लास्टिकची गिट्टी, एक इंची पितळी स्क्रू, डोकं ८ मिमी बाहेर. बाण ३ मिमी सनबोर्डचे (हलकी फोमशीट), दोन भोकांवर अडकवायचे. हे टिकलं.

बाण आधी वाकडे, खऱ्या प्रवाहासारखे कापले होते. ऋतू बदलला की उलटा करून लावायचा तर वळण विरुद्ध बाजूला जातं आणि भोकंही जुळत नाहीत. आता सगळे सरळ, भोकं मधल्या रेषेवर आणि दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर. पाठपोट वेगळं रंगवलं. पलटला की दिशा बदलते, हवा असेल तिथे रंगही.

जून ते सप्टेंबर: सोमाली प्रवाह (आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याचा) ईशान्येकडे, अरबी समुद्रात पूर्वेकडे, आपल्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे, श्रीलंकेच्या खालून पूर्वेकडे.
डिसेंबर ते फेब्रुवारी: सोमाली नैऋत्येकडे, आपल्या किनाऱ्याने उत्तरेकडे, श्रीलंकेच्या खालून पश्चिमेकडे. अरबी समुद्राचा बाणही पश्चिमेकडे.
सोमालीच्या बाणाला पुढे निळा रंग, मागे लाल. पावसाळ्यात तो जोरदार वाहतो, सेकंदाला दोन मीटरपेक्षाही जास्त, आणि किनाऱ्यालगत खालचं थंड पाणी वर येतं.

सनबोर्ड ₹३५०, स्क्रू-गिट्ट्या ₹९०.

२५ जानेवारी

अंतर मोजण्याचा पहिला प्रयोग, आणि नकाशाचीच परीक्षा. १० जानेवारी १९९२ ला पॅसिफिकमध्ये एका जहाजावरून कंटेनर पडले, त्यातल्या एकात न्हाणीघरातली २८,८०० प्लास्टिकची खेळणी होती: बदकं, कासवं, बीव्हर, बेडूक. जागा ४४.७° उ., १७८.१° पू. पहिली दहा खेळणी १६ नोव्हेंबर १९९२ ला अलास्कातल्या सिटकाजवळ (५७° उ., १३५.३° प.) सापडली. ३११ दिवस.

भिंतीवर बिंदू: २७८.१, ४०.३ आणि ३२४.७, २८. दोऱ्याने अंतर ४८ सेमी. १११ ने गुणलं की ५,३०० किमीच्या वर. खरं अंतर साधारण ३,५०० किमी. दीडपट चूक. दोरा बरोबर होता, नकाशा आडवा ताणलेला आहे. एक अंश रेखांश विषुववृत्तावर १११ किमी, ४०° वर ८५, ६०° वर ५६, ८०° वर १९.

म्हणून उजव्या कडेला १,००० किमीच्या पट्ट्या अक्षांशाप्रमाणे रंगवल्या: ०° वर ९ सेमी, २०° वर ९.६, ४०° वर ११.७, ६०° वर १७.९, ८०° वर ५१.५. या पट्ट्या फक्त आडव्या अंतरासाठी. उभं अंतर सगळीकडे १११ च. आता सिटकाचा हिशेब: आडवे ४६.६ सेमी, ५१° च्या आसपासच्या पट्टीने साधारण ३,२५० किमी. उभे १२.३ सेमी, १,३६५ किमी. काटकोन त्रिकोण करून ३,५२५. दिवसाला ११ किमी. या पट्ट्या पहिल्याच दिवशी आखायला हव्या होत्या.

त्याच दिवशी ग्रीनलंड. पारदर्शक कागदावर १ सेमीचे चौकोन आखून मोजलं तर भारताच्या जवळपास दुप्पट भरतं. क्षेत्रफळ पाहिलं तर भारत ३२.८७ लाख चौ. किमी, ग्रीनलंड २१.६६ लाख.

८ फेब्रुवारी

जोड्या लावल्या, प्रत्येक ठिकाणी लाल टाचणीएवढा ठिपका आणि क्रमांक, आकडे शेजारच्या फळ्यावर.
मुंबई (१९° उ.) आणि चिलीतलं अरिका (१८.५° द.): दोन्ही समुद्रकाठी, विषुववृत्तापासून सारख्याच अंतरावर. मुंबईत वर्षाला २,००० मिमीच्या वर पाऊस, अरिकात सरासरी एक मिलिमीटरही नाही. ठिपका ३८९.७, १०३.५, हंबोल्टच्या बाणाला लागूनच.
एडिंबरो (५६° उ.) आणि लॅब्राडोरमधलं नेन (५६.५° उ.): जानेवारीत पहिल्याचं सरासरी तापमान शून्याच्या वर, दुसऱ्याचं उणे १५ च्याही खाली. इथे 'सगळं गल्फ स्ट्रीममुळे' असं उत्तर पटकन येतं. त्यावर वाऱ्याचे बाण खडूने काढून दाखवावेत: दोन्हीकडे वारा पश्चिमेचा, एडिंबरोला तो समुद्रावरून येतो, नेनला गोठलेल्या कॅनडावरून.

क्लिअर कोट १ लिटर ₹४५०, मॅट घ्या. आधी ग्लॉस लावून पाहिला, दुपारी व्हरांड्यातून येणाऱ्या उजेडात अर्धा पॅसिफिक चमकतो.

लेव्हलची नळी, दोरी, पेन्सिली ₹१५०. एकूण खर्च ₹७,५९०. कामाचे दिवस १९, त्यातले साडेपाच चुका निस्तरण्यात.

२६ मे

पावसाळी बाण १ जूनला पलटायचे ठरलं होतं. यंदा मोसमी पाऊस २५ मेलाच कोकणात उतरला, २६ ला मुंबईत. आज पलटले. चारपैकी तीन नीट, चौथ्याचं (श्रीलंका) भोक फाटलं होतं. भोकाला बाटलीच्या झाकणाची चकती कापून चिकटवली.

५ जुलै

तळाशी, डावीकडून ३७० ते ३९५, रंगाला फोड आले आणि पांढरा क्षार बाहेर पडला. नोव्हेंबरमध्ये प्लास्टिकखाली थेंब दिसले होते तीच ओल, आता नकाशापर्यंत चढलेली. दक्षिण अमेरिकेचं टोक, त्याखालची ड्रेक सामुद्रधुनी आणि तिच्यातून जाणारा पश्चिम वाऱ्यांचा प्रवाह गेला. नशिबाने हा पट्टा डावीकडेही आहे, सध्या तो तिथे दाखवला जातो.

आत्ता खरवडायचं नाही, भिंत ओली आहे. पाऊस गेल्यावर महिनाभर तशीच ठेवून, पुन्हा प्लास्टिक लावून पाहायचं. नकाशाच्या तळाचा ३० सेमी गिलावा काढून वॉटरप्रूफिंग घालून नवा. बिंदूंची यादी वहीत आहे, बाण पुन्हा काढायला अर्धा तास.